अनसाबाईचं पहिलं पाणी

अनसाबाईला मी आधी ऐकलं, बघितलं मागनं. आन् ऐकलं तेव्हा मला वाटलं, ही बाई कुणाकडनं तरी म्हैस धुवून घेतीय.

हसू नका. माझ्या जागी असता तर तुम्हालाही तेच वाटलं असतं. शिरूरच्या अलीकडं एमआयडीसीत एका जपानी कंपनीचं गेस्ट हाऊस आहे, तिथं स्वयंपाकघरात माझा पहिला दिवस. कढीपत्ता तोडायला मागच्या व्हरांड्यात गेले तर एका निळ्या पडद्याबाहेर नऊवारीतली एक बाई बुटक्या स्टुलावर बसलेली. पडद्याकडं पाठ, तोंड झाडाकडं, आन् आवाज असा की कढीपत्त्याची पानं हलावीत.

‘आधी बूड धुवा. मग काखा. अजून एक बादली घ्या. न्हाई झालं. मला ऐकू येतंय, न्हाई झालं.’

आतून पाणी आपटल्याचा आवाज.

‘आन् उडी मारायची न्हाई. हळू उतरायचं, पायापायानं.’

मी म्हणलं, वा, जपानी लोक दूधदुभत्याचंपण बघतात. कढीपत्ता हातात धरून म्हशीची वाट बघत उभी राहिले. दहा मिनिटांनी पडदा बाजूला झाला आन् बाहेर आले ते पुण्याहून आलेले कंपनीचे मोठे साहेब. कमरेला टॉवेल, तोंड बिटासारखं लाल. अनसाबाईला म्हणाले, ‘आता बरोबर होतं का मावशी?’

अनसाबाईनं मान वळवली नाही. ‘तिसऱ्या बादलीला घाई केली. उद्याच्याला ध्यान ठेवा,’ म्हणाली.

मी लिडिया. शिरूरच्या मिशन कंपाउंडातली. आमचे शलमोन होते तोवर म्हणायचे, देव तुला जीभ देताना माप करायचं विसरला. तर त्या जिभेनं मी अनसाबाईला नऊ वर्षं छळलं, तिनं मला छळलं, आन् आम्हा दोघींना एकमेकींशिवाय चहा गोड लागेना. म्हणून तिचं मी सांगणार. दुसरं कोण सांगणार? कंपनीनं तिचं नाव कागदावर ‘हाउसकीपिंग’ एवढंच लिहिलं होतं.

आधी त्या न्हाणीघराचं सांगते. कंपनीत मशिनं बसवायला जपानहून इंजिनिअर यायचे, तीन-तीन महिने राहायचे. त्यांना आपला शॉवर पुरायचा नाही. दिवसभर मशिनीखाली लोळून आलं की त्यांना गळ्यापर्यंत कढत पाण्यात बसायला लागतं. तेही एकट्यानं नाही, सगळ्यांनी मिळून, आन् अंगावर सुताचा धागा न ठेवता. म्हणून गेस्ट हाऊसच्या मागं काळ्या दगडाचा हौद बांधलेला, सात-आठ माणसं बसतील एवढा. भिंतीला गुडघ्याएवढ्या उंचीवर नळ, प्रत्येक नळासमोर वीतभर उंचीचं स्टूल आन् एक छोटी बादली. सगळे त्याला फुरो म्हणायचे.

शिरूरच्या बाजारात या फुरोबद्दल काय काय बोललं जायचं ते मी सांगत नाही. आमच्या चर्चमधल्या जॉयसनं मला विचारलं होतं, ‘लिडिया, तू तिथं डोळे उघडे ठेवून कामाला जातेस का मिटून?’ मी म्हणलं, ‘एक उघडा ठेवते, भाकरी करपू नये म्हणून.’

पण त्या फुरोत चावटपणा शोधायला गेलं तर हाताला फक्त शिस्त लागायची. हौदातलं पाणी दिवसातनं एकदा भरायचं, सगळ्यांनी त्यातच बसायचं. म्हणून हौद अंघोळीचा नाहीच. अंघोळ बाहेर, स्टुलावर बसून, साबणाचा शेवटचा फेस जाईपर्यंत. मग स्वच्छ होऊन हौदात नुसतं शेकत बसायचं, गप्प. आता आपला माणूस काय करतो? भरलेला हौद दिसला की त्याला लहानपणची विहीर आठवते. चड्डीसकट उडी. मग काठावर बसून साबण लावणार, पंचा हौदातच पिळणार, आन् पाणी पोळतंय म्हणून गार नळ सोडणार, बाकीचे बसलेत त्यांना न विचारता. एका साहेबांनी तर आत बसून चूळ भरली होती. त्या दिवशी जपानी मंडळी एकेक करून उठली आन् जेवायला आली ती मुकी. मला वाटलं माझं सूप बिघडलं.

तर नव्या माणसाला वळण लावायचं काम अनसाबाईकडं. पुरुष आत असताना ती कधी आत जायची नाही. बाहेर पाठ करून बसायची आन् कानानं बघायची. स्टूल ओढल्याचा आवाज आला नाही म्हणजे माणूस उभ्यानं पाणी घेतोय, शेजाऱ्यावर शिंतोडे उडणार. बादली नळाखाली कितीदा भरली ते मोजायची. सात झाल्या की म्हणायची, ‘उतरा.’ सहाला कुणी उतरलं तर पाय पाण्याला लागायच्या आत हिचा आवाज आत.

मी एकदा म्हणलं, ‘आक्का, तुझे कान म्हणजे सीसीटीव्ही.’

‘सीसीटीव्हीला लाज कुठं असती,’ ती म्हणाली. ‘मी पाठ करते.’

तिला हे शिकवलं ओकाजिमा साहेबांनी. किडकिडीत माणूस, पन्नाशी उलटलेला, गेस्ट हाऊसची सगळी व्यवस्था त्यांच्याकडं. मी लागायच्या दोन वर्षं आधीची गोष्ट, पण अनसाबाईनं मला करून दाखवलीय इतक्या वेळा की मी तिथं होते असंच मला वाटतं. साहेबांनी मोजे काढले, पँट दुमडली, कोरड्या स्टुलावर बसले आन् अंगात सगळे कपडे असताना रिकाम्या बादलीनं खोटी खोटी अंघोळ केली. काखा, पाठ, तळपाय. मग उठले, रिकाम्या हौदात पाय ठेवून हळूच बसले आन् घडी केलेला नॅपकिन डोक्यावर ठेवला. डोळे मिटले. वॉचमन हसून भिंतीला टेकला. अनसाबाई हसली नाही, तिला कळलं होतं.

ती कवठे येमाईची, धनगराची. बाप मेंढरांमागं फिरायचा, आई डोक्यावर बिऱ्हाड घेऊन मागनं. ती म्हणाली, ‘त्यात काय एवढं. कातरायच्या आधी मेंढरं धुवून घेत्यात का न्हाई? आन् डबक्यात एक मेंढरू आधी घुसलं, त्यानं गढूळ केलं, की मागची समदी तोंड वळवत्यात. मानसाला मेंढराएवढी तरी अक्कल पायजे.’ हे तिनं पुढं किती मॅनेजरांना ऐकवलं त्याची गणती नाही. एमबीए झालेली माणसं मेंढराच्या पुढं जायला धडपडायची.

तिची स्वतःची अंघोळ लहानपणी म्हणजे ज्याच्या रानात मेंढरं बसवली त्याच्या विहिरीवरचं पाणी, तेही मालकिणीनं हो म्हणलं तर. कधी आठ दिवसांनी, कधी पंधरा. आधी मेंढरं प्यायची, मग बाप, मग भाऊ, मग उरलं तर पोरी. लग्न होऊन आली तिथं नळ होता, पण पुढं नंबर लावायला सासू-सासरे, दीर. नवरा ज्योतिबा गेला तेव्हा मुलगा रविराज दहावीला होता. मग ही एमआयडीसीत आली.

ओकाजिमा साहेबांना हे कुणी सांगितलं नव्हतं. तरी एका संध्याकाळी, हौद भरून झाल्यावर, ते व्हरांड्यात आमच्याजवळ येऊन बसले. त्यांचं मराठी आन् आमचं इंग्रजी दोन्ही लंगडं, पण लंगडत लंगडत सगळे पोचतात. त्यांच्या लहानपणी घरी पहिलं पाणी बापाचं. मग थोरला भाऊ, मग बाकीचे. आई शेवटी, तोवर पाणी कोमट. हे सांगताना ते फरशीकडं बघत होते. मग, नावापुढं त्यांच्याकडचा मानाचा ‘सान’ लावून, म्हणाले, ‘अनसा-सान, काम संपलं, शेवटचा दिवस. त्या दिवशी पहिलं पाणी, अनसा-सान.’

अनसाबाई म्हणाली, ‘काय म्हनत्यात?’

मी म्हणलं, ‘रिटायर होशील त्या दिवशी ताजा भरलेला हौद तुला. सगळ्यांच्या आधी. तू एकटी.’

तिनं पदर सारखा केला. नंतर जाता जाता मला म्हणाली, ‘दार लावून ना?’

‘दार लावून.’

‘मग बरं.’

जपानला परत गेले तेव्हा साहेबांनी हे कागदावर त्यांच्या भाषेत लिहिलं, खाली आपला लाल शिक्का मारला आन् दोन्ही हातांनी तिला दिला. तिनं तो दुधाच्या पिशवीत घालून बटव्यात ठेवला. आठवड्यातनं एकदा तरी काढून बघायची, उलटा का सुलटा ते माहीत नसताना.

एक गोष्ट लक्षात घ्या. अकरा वर्षं अनसाबाई त्या हौदात रोज उतरली. रिकाम्या हौदात, हातात ब्रश घेऊन, गुडघ्यांवर. भरलेल्या हौदात बोटसुद्धा नाही, पाणी किती तापलंय ते बघायला तेवढं. दगड खरखरीत, शेवाळ धरू नये म्हणून रोज घासायला लागायचा. गुडघे झिजले. शिरूरच्या डॉक्टरनं सांगितलं, गरम पाण्याचा शेक घ्या. ती म्हणाली, ‘घेनार हाय की. एकदाच, पर गळ्यापातूर.’

आन् मधनंच मला विचारायची, ‘लिडियाबाय, पान्यात बसल्यावर पाय तरंगत्यात का गं?’

मी म्हणायचे, ‘तुझे नाही तरंगायचे. तुझ्या पायात नऊ वर्षांचा माझा मसालेभात आहे.’

ओकाजिमा साहेब परत गेल्यावर दोन वर्षांनी पुण्याच्या हेड ऑफिसनं भिंतीवर एक बोर्ड लावला. नवख्यांसाठी आठ चित्रं. अनसाबाईला अक्षर येत नाही, पण चित्रं तिनं शाळेतल्या हुशार पोरीसारखी भराभर सांगितली. चपला भायेर. स्टुलावर बसून धुवायचं. पंचा पान्यात न्यायचा न्हाई. केस वर बांधायचे. उड्या न्हाई, पवनं न्हाई. गार नळ इचारल्याबिगर सोडायचा न्हाई. अंग पुसून मगच कपड्याच्या खोलीत. ‘ह्ये समदं तर मीच सांगते,’ म्हणाली. ‘बोर्डाला पगार हाय का?’

आठव्या चित्रापाशी थांबली. माणसाचा दंड, त्यावर फुलाची नक्षी, वरून लाल फुली. ‘ह्ये काय?’

मी खालचं वाचलं. अंगावर गोंदलेल्या व्यक्तींनी हौदात उतरू नये. जपानात म्हणे गुंड लोक अंगभर गोंदवून घेतात, म्हणून तिकडच्या बऱ्याच न्हाणीघरांत तसा नियम असतो. हे सगळं मला ड्रायव्हरनं सांगितलेलं होतं, ते मी तिला सांगितलं. आन् मग, माझ्या जिभेला काय करू, हसत म्हणलं, ‘आक्का, हे खास तुझ्यासाठी लावलंय. शिरूर तालुक्यातली मोठी गुंड तूच.’

ती हसली. मीपण हसले. त्या हसण्याचं मला अजून वाईट वाटतं.

कारण अनसाबाईच्या कपाळावर तीन ठिपके आन् खाली चंद्रकोर, हनुवटीवर एक ठिपका, डाव्या हातावर तुळस, उजव्या हातावर विंचू आन् त्याच्या खाली तीन अक्षरं. ती अक्षरं मीच तिला पहिल्यांदा वाचून दाखवली होती. ‘भिमाई’ असं होतं. ती म्हणाली, भाऊ भिमा, आन् आई, दोघांची नावं एकत्र कर असं गोंदणारणीला आईनंच सांगितलं होतं. सात वर्षांची असताना येमाईच्या जत्रेत, मांडीवर दाबून धरून. ही बोंबलत होती तर आई म्हणाली, ‘गप. दागिने मेल्यावर काढून घेत्यात. ह्ये कुनी काढून घेत न्हाई, ह्ये वर संगं येतंय.’ भाऊ पुढं रानात साप चावून गेला. आईपण गेली. हातावर तेवढी राहिली.

तर बोर्ड लागला त्याच सुमाराला रुद्र साहेब आले. गेस्ट हाऊसचे नवे अॅडमिन. तिशीतला पोरगा, दाढी कोरलेली, परफ्यूम असा की माझी फोडणी हरायची. वाईट नव्हता. मावशी मावशी करायचा. पण त्याला आपण सोडून बाकीच्यांसाठी नियम असतात असं वाटायचं, आन् नोकरीत हा गुण फार लवकर वर नेतो.

त्याची पहिली दिवाळी. नरकचतुर्दशी. पहाटे साहेबांनी डोक्यापासून पायापर्यंत तेल चोपडलं, वरून उटणं, आन् आले फुरोत. अनसाबाई स्टुलावर होतीच, त्या दिवशी जपानी पाहुण्यांसाठी सकाळी हौद भरलेला. तेलाचा वास तिला पडद्याआडून आला.

‘सायेब, त्याल हाय अंगाला. आधी धुवा. शिकेकाई देऊ का?’

‘मावशी, दिवाळी आहे. अभ्यंगस्नान आहे. तेल लावूनच उतरायचं असतं.’

‘ते घरच्या न्हानीत, सायेब. ह्ये समद्यांचं पानी हाय.’

तिनं बादली ऐकली नाही. एकही नाही. धबाक ऐकलं.

पाच जपानी पाहुणे डोक्यावर नॅपकिन घेऊन ओळीनं आले, हौदाकडं बघितलं आन् तसेच ओळीनं परत गेले. पाण्यावर रंगीत साय, त्यात उटण्याचा काला. हौद रिकामा केला, पण दगडानं तेल पिऊन घेतलं होतं. सणाच्या दिवशी अनसाबाई दुपारी दोनपर्यंत सोडा घेऊन गुडघ्यांवर. मी फराळाचं ताट घेऊन गेले तर म्हणाली, ‘ठेव तिकडं. हाताला सोडा हाय.’ आन् दुसऱ्या दिवशी हेड ऑफिसला पत्र गेलं की हाउसकीपिंगनं पाहुण्यांना योग्य सूचना दिल्या नाहीत. ते पत्र रुद्र साहेबांनीच टाइप केलं. मला माहीत आहे, कारण प्रिंटर माझ्या कोठीच्या खोलीत आहे.

मी अनसाबाईला सांगितलं. मला वाटलं शिव्या देईल. ती म्हणाली, ‘तीन वर्सं ऱ्हायली. मग पहिलं पानी माजं. तवर घासते.’

यंदा मार्चअखेर तिला साठ पूर्ण झाली. त्या दिवशी ती हिरवं इरकल नेसून आली, आन् पिशवीत घडी केलेला नवा पंचा. ‘पंचा पान्यात न्यायचा न्हाई,’ मी म्हणलं. ‘डोसक्यावर ठेवायला हाय,’ ती म्हणाली. सकाळी साडेनवाला आम्ही दोघी रुद्र साहेबांच्या टेबलापुढं. तिनं दुधाच्या पिशवीतनं कागद काढला, दोन्ही हातांनी पुढं केला, ओकाजिमा साहेबांनी शिकवलं होतं तसा.

रुद्र साहेबांनी मोबाइल कागदावर धरला. मोबाइलनं वाचून दाखवलं. पहिलं पाणी अनसा यांचं, असंच होतं. खाली अजून एक ओळ होती, ती तेव्हा पहिल्यांदा कळली. ‘माझ्या आईला देता आलं नाही.’

मी नाकाला पदर लावला. रुद्र साहेबांनी खुर्ची मागं-पुढं केली.

‘मावशी, मी दिलं असतं. खरंच. पण बोर्ड बघितलाय ना तुम्ही. आठवा नियम. तुमच्या हातावर, कपाळावर. हेड ऑफिसचं आहे, मी काय करणार.’

मी म्हणलं, ‘पाच वाजता भरतो, साडेपाचला पाहुणे येतात. पंधरा मिनिटं. दार लावून. कोण बघतंय?’

‘लिडियामावशी, प्रश्न बघण्याचा नाही. नियम सगळ्यांना सारखा. आज यांना दिलं तर उद्या सगळे मागतील.’

अकरा वर्षं हौद घासलेली सगळ्या एमआयडीसीत एकच बाई. ते सगळे कोण, ते मला विचारायचं होतं. पण अनसाबाईनं कागद घडी करून परत पिशवीत ठेवला होता. आपल्या हातांकडं बघितलं, आधी डाव्या, मग उजव्या. आन् कामाला गेली. शेवटच्या दिवसाचा हौद घासला. मी दोनदा जाऊन बघितलं. तळ, कडा, पायरी, कुठं सोडलं नाही. उलट मला म्हणाली, ‘सारकं सारकं येऊ नको, पाय वले हायेत तुजे.’

चार वाजता निरोप समारंभ. शाल, श्रीफळ, फोटो. आन् कंपनीतर्फे भेट म्हणून, ऐका, एक निळी प्लॅस्टिकची बादली आन् पाणी घ्यायचा मग. वर रिबिन. रुद्र साहेब भाषणात म्हणाले की मावशींचं आन् पाण्याचं नातं आहे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी थट्टेखोर बाई, मला त्यावर दहा वाक्यं सुचायला हवी होती. एकही सुचलं नाही.

ती आता दौंडला असते, मुलाकडं. रविराज रेल्वेत आहे, सून मोनिका शिलाई करते. दोन खोल्या, बाहेर पत्र्याची मोरी. मागच्या महिन्यात मी शिरूरहून एसटीनं गेले होते. त्यांच्या गल्लीत पाणी दिवसाआड येतं, पहाटे पाचला, अर्धा तास. उठणारी हीच. निळी बादली नळाखाली लावते, मग पिंप, मग घागरी. मला म्हणाली, ‘लिडियाबाय, पहिलं पानी आता माजंच हाय बघ. दिवसाआड.’

मी हसले नाही. ती पण नाही हसली. बादलीत पाणी गार असतं आन् तिला आता खाली बसवत नाही, गुडघे वाकत नाहीत. उभ्यानं घेते. नवख्या साहेबासारखी, शिंतोडे उडवत. स्वतःच म्हणाली ते. मोनिका चांगली आहे, पाणी तापवून देते म्हणते, पण जिथं गॅस जपून वापरायचा त्या घरात सासूनं कढत पाणी मागायचं नसतं. कागद अजून बटव्यात आहे. मी बघते म्हणलं तर म्हणाली, ‘ऱ्हाऊ दे. मोबाइलनं वाचल्यापसनं जड झालाय.’

गेस्ट हाऊसमध्ये आता तिच्या जागेवर कुणी बसत नाही. ठेकेदाराची माणसं सकाळी येतात, मशिनीनं हौद घासून जातात. बोर्ड आहे. आठही चित्रं आहेत. कोण किती बादल्या घेतं ते कुणी ऐकत नाही, आन् मी परवाच पाण्यावर फेस बघितला.

पण त्या शेवटच्या संध्याकाळचं अर्धं राहिलं. ते सांगते आन् उठते.

समारंभ झाला, त्या दिवशी तिला साडेचारलाच मोकळं केलं होतं. मी म्हणलं, चल, रिक्षा बघू. ती म्हणाली, हौद भरून जाते. पाच वाजता भरला. वाफ निघायला लागली. बोटानं पाणी बघितलं, बोट पदराला पुसलं, बाहेर आली आन् निळ्या पडद्यासमोर तिचं ते बुटकं स्टूल मांडून बसली. या वेळेला पाठ करून नाही. तोंड येणाऱ्याकडं. शाल मांडीवर, बादली शेजारी.

साडेपाचला रुद्र साहेब आले, आदल्या दिवशी जपानहून आलेल्या दोन पाहुण्यांना घेऊन. पाहुणे त्यांच्या सुती झग्यात, साहेब हाफ टी-शर्टात. बाहीखालून निळ्या शाईचं त्रिशूळाचं टोक दिसत होतं. बाहीच्या आत अख्खा महादेव आहे, जटेसकट. आम्हा सगळ्यांना माहीत होतं. साहेब रोज हौदात बसायचे आन् आजवर त्यांना कुणी काही म्हणलं नव्हतं, अनसाबाईनंपण नाही.

‘सायेब,’ ती म्हणाली, ‘बाही वर करा.’

‘काय?’

‘बाही.’

‘मावशी, पाहुणे उभे आहेत.’

‘म्हनून तर. त्यांच्या पान्याचं इचारते.’

रुद्र साहेब हसले. ‘अहो, तो महादेव आहे. देव आहे.’

‘माज्या हातावर तुळस हाय. ती काय तंबाकू हाय का?’

‘तुमचं वेगळं. तुमच्या कपाळावरपण आहे. माझं टॉवेलनं झाकतं.’

‘टॉवेल पान्यात न्यायचा न्हाई. तिसरं चित्र.’

‘बरं, मी हात पाण्याबाहेर ठेवतो.’

‘असा वर धरून? पाहुन्यांना वाटंल सायेब शपथ घेत्यात.’

मी झारा घेऊन दारात आले होते. मला हसू आलं, त्या दिवसातलं पहिलं. साहेबांनी माझ्याकडं बघितलं, मग आवाज जरा बारीक केला. ‘मावशी, मी इथला अॅडमिन आहे.’

‘सकाळी तुमीच म्हनला, नियम समद्यांला सारका. लिडियाबाय हुबी व्हती.’

‘होते,’ मी म्हणलं.

दोघांतला थोरला पाहुणा, केस पिकलेला, पुढं आला. बोर्डाकडं गेला, आठव्या चित्राखालची जपानी ओळ वाचली, साहेबांच्या दंडाकडं बघितलं. एक पाऊल बाजूला होऊन हात पुढं बांधून उभा राहिला, जसे ते लोक दुसऱ्याची चूक दुसऱ्यानंच निस्तरावी म्हणून उभे राहतात.

‘आज तुमचा शेवटचा दिवस,’ रुद्र साहेब म्हणाले. ‘कशाला वाद घालताय?’

अनसाबाई उठली. उठायला तिला बादलीचा आधार घ्यावा लागला. पडदा एका हातानं वर धरला, पाहुण्यांना मान लववली, ते वाकून आत गेले. आतून दोन स्टुलं ओढल्याचा आवाज आला, पहिली बादली नळाखाली लागली. तिनं पडदा सोडला आन् परत त्याच्यासमोर बसली.

‘लईच हौस असली तर उद्या या सायेब,’ ती म्हणाली. ‘उद्या मी नसंन.’

रुद्र साहेबांनी बाही खाली ओढली आन् चपला शोधायला लागले.